डाव्या डोळ्याचं भिंग

मी कवळ्या बनवतो. एकतीस वर्षं झाली. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांची मापं येतात, मी त्यांत प्लास्टर ओततो आणि ज्याचे दात त्याच्याच तोंडात जातील एवढं बघतो. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही आमच्या हिच्याबद्दल आणि त्या कंपायलरच्या भानगडीबद्दल लिहायला मीच बसलोय, कारण हिच्या ऑफिसातली माणसं लिहायला बसली तर पहिलं पानभर स्वतःचेच आभार मानतील.

ही प्रोग्राम लिहिते. वय त्रेपन्न, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, हट्ट मात्र भरपूर. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. तांदळाच्या डब्यात चमचाभर डाळ सांडली तर ताटात ओतून एकेक दाणा निवडत बसेल, पण तसेच शिजवणार नाही. लग्न झाल्या वर्षी मी एकदा माझे मोजे तिच्या रुमालांच्या कप्प्यात ठेवले होते. संध्याकाळी ते मोजे माझ्या उशीवर होते, व्यवस्थित घडी घालून. याला आता अठ्ठावीस वर्षं झाली आणि मी अजून शिस्तीत आहे.

तिची कंपनी चष्म्याच्या दुकानांसाठी प्रोग्राम बनवते. दुकानदार डोळे तपासून नंबर भरतो, तो नंबर हिच्या प्रोग्राममधून भिंगं घासणाऱ्या कारखान्याकडे जातो आणि आठवड्यानं चष्मा तयार होऊन येतो. नऊशे दुकानं आहेत. ऑफिस म्हणजे एक लांबलचक खोली, तिच्यात सत्तर माणसं कानांत बोंडं घालून बसतात, आणि शेजारच्याशी बोलायचं झालं तर त्याला संदेश पाठवतात. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेलो होतो. ती शांतता बघून मला वाटलं, कुणीतरी गेलंय.

तिचा साहेब तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. कशाबद्दलही बोलताना बोटानं हवेत चढती रेघ काढतो, म्हणून घरी आम्ही त्याला आलेख म्हणतो. तीन वर्षांपूर्वी या आलेखनं ऑफिसात प्रोग्राम लिहायची नवी भाषा आणली. तिचा कंपायलर फार कडक असतो, असं तो कुठूनतरी ऐकून आला होता.

कंपायलर म्हणजे काय, ते हिनं मला माझ्याच धंद्यातून समजावलं. ती जे लिहिते ते संगणकाला जसंच्या तसं कळत नाही. मध्ये एक प्रोग्राम बसतो आणि ते संगणकाच्या भाषेत उतरवतो, तो कंपायलर. पण उतरवायच्या आधी, कुठल्या कप्प्यात काय ठेवायचं याच्या सगळ्या चिठ्ठ्या तो वाचतो.

"तुमच्याकडे माप घ्यायचे ट्रे असतात ना," ती म्हणाली, "रिकामा ट्रे कुणाच्याही तोंडात चालतो. पण एकदा त्याच्यावर पेशंटची चिठ्ठी लागली की तो त्याच तोंडाचा. बरोबर?"

"बरोबर."

"आमच्याकडेही असे रिकामे साचे असतात, त्यांना जेनेरिक म्हणतात. आत काय ठेवायचं ते नंतर ठरतं, पण ठरलं की ठरलं. वरच्या दातांच्या साच्यात कुणी खालचे दात घालायला गेलं, तर कंपायलर प्लास्टर कालवायच्या आधीच ओरडतो."

"आधीच?"

"आधीच. कामच सुरू होऊ देत नाही."

मला हेवा वाटला. माझ्या कारखान्यात असा कुणी असता, तर एका निवृत्त न्यायाधीशाला आठवडाभर परक्या बाईच्या दातांनी जेवावं लागलं नसतं.

आलेखला मात्र या सगळ्यातून एवढंच कळलं, की आता तपासायला माणसं नकोत. त्यांच्याकडे चार तपासनीस होते. तयार झालेला प्रोग्राम मुद्दाम वेड्यावाकड्या पद्धतीनं वापरून बघायचा आणि चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. चौघांना फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं आणि त्यांच्या खोलीत टेबल टेनिस मांडलं. भिंतीवर चौकट लागली: 'कंपायलर पास, तर काम पास.' ही तेव्हा खूश होती, हेही सांगायला हवं. चार माणसं गेल्याचं तिला वाईट वाटलं, पण त्या कंपायलरवर तिचा जीव जडला होता. डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणारं आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं, असं ती म्हणायची.

मग तिनं एक युक्ती काढली. तोवर भिंगाचा नंबर म्हणजे नुसता आकडा होता, आणि आकडा कुठल्याही आकड्याच्या जागी बसतो. हिनं डावं भिंग हा एक प्रकार केला आणि उजवं भिंग हा दुसरा, दोघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या. आता डावं भिंग उजव्याच्या जागी ठेवायला कुणी गेलंच, तर कंपायलर त्याला दारातच अडवणार. चष्म्याच्या धंद्यात ही भीती खरी असते. डोळे तपासणारा पेशंटच्या समोर बसतो, त्यामुळे पेशंटचा उजवा डोळा त्याच्या डाव्या हाताला येतो. दातांच्या नकाशातही तेच, मी रोज डोक्यात उलटसुलट करत असतो. कंपनीतल्या एका गटानं दुकानाचा भाग लिहिला होता, त्यांची भिंगांची जोडी समोरून बघितल्यासारखी. दुसऱ्या गटानं कारखान्याचा भाग लिहिला, त्यांची जोडी चष्मा घालणाऱ्याच्या बाजूनं. हे दोन्ही भाग एकमेकांना जोडायचं काम हिचं होतं.

गेल्या वर्षी तक्रारी यायला लागल्या. एकूण बेचाळीस. नऊशे दुकानांत बेचाळीस म्हणजे काहीच नाही, असं म्हणून आलेखनं हवेत सपाट रेघ काढली. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर जवळपास सारखा, त्यांना काही जाणवतच नव्हतं. ज्यांच्या नंबरांत फार फरक, ती माणसं दाराच्या चौकटीला धडकत होती. ग्राहकसेवेचं उत्तर ठरलेलं होतं: 'नव्या चष्म्याची सवय व्हायला पंधरा दिवस लागतात.' पंधरा दिवसांनी परत फोन आला, तर परत पंधरा दिवस.

एक म्हातारा सुतार मात्र ऐकेना. त्याचा उजवा डोळा उणे सहा, डावा उणे एक. त्यानं तीन वेळा चष्मा परत केला. तिन्ही वेळा दुकानानं तपासून 'बरोबर आहे' म्हणून हातात ठेवला, कारण ज्या कागदाशी ते ताडून बघत होते, तो कागदही त्याच प्रोग्राममधून छापून आलेला. शेवटी त्यानं कंपनीला पत्रच लिहिलं. 'तुम्ही माझं उजवं भिंग डावीकडे बसवलं आहे. मी चष्मा उलटा, काड्या पुढे करून डोळ्यांसमोर धरला, तेव्हा मला सगळं स्वच्छ दिसलं. आता मी असाच धरून करवत चालवू का, ते कळवावे.'

ही ते पत्र घरी घेऊन आली. मी वाचून पोट धरून हसलो. ती हसली नाही.

त्यांच्या कंपनीत चूक सापडली की फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना आहे, 'चुकीचा मालक'. तो रिकामा सोडता येत नाही आणि त्यात काही लिहिताही येत नाही, यादीतून निवडावं लागतं. यादीत कंपनीतली सत्तर माणसं. वीज गेली, भूकंप झाला, यंत्र बिघडलं, यातलं काहीही यादीत नाही. जिथे बिघडलं तिथे शेवटचा हात ज्याचा लागलेला असेल, त्याचं नाव आपोआप सगळ्यात वर येतं. हिचं आलं.

"सही करून टाका, मॅडम," आलेख म्हणाला. "मानवी चूक. दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं, विषय संपला."

"चूक नेमकी कुठे आहे ते सापडू दे," ही म्हणाली, "मग करते."

आणि ती शोधायला लागली. तीन आठवडे. आपण लिहिलेली ओळ न ओळ तिनं वाचली, पण डावं कुठे उजवं झालंय ते दिसेना. कंपायलर म्हणे, सगळं पास. तिनं छोटे छोटे प्रयोग करून त्याची परीक्षा घेतली. मुद्दाम डावं भिंग उजव्याच्या जागी ठेवलं, त्यानं लगेच अडवलं. समोरची जोडी मागच्या जागी ठेवली, अडवलं. दहा प्रयोग केले, दहाही वेळा त्यानं तिचा हात धरला. म्हणजे तो जागा होता. मग चूक करणारं उरलं कोण? उरली ही.

इथे हिच्या आईबद्दल सांगायला हवं. माझी सासू शिवणकाम करायची, आणि पंचक्रोशीत तिच्या हातासारखा हात नव्हता. चौपन्नाव्या वर्षी तिनं एका कोटाला दोन्ही उजव्या बाह्या लावल्या. गिऱ्हाईकानं दाखवलं तरी तिला त्यात काही वावगं दिसेना. "बरोबर तर आहे," म्हणायची, आणि हात फिरवून फिरवून बघायची. तिथून ती विसरत गेली. शेवटची काही वर्षं ती लेकीला "बाई, तुमचं काय काम आहे?" असं विचारायची, फार अदबीनं. ही दर रविवारी जाऊन तिला आपलं नाव सांगून यायची.

ही माझ्याशी त्याबद्दल काही बोलली नाही. पण डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिनं पुन्हा लिहायला घेतल्या, जरा मोठ्या अक्षरात. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तीच म्हणाली, "अहो, मी लिहिलंय त्यात चूक आहे आणि मला ती दिसत नाही. आईला दिसत नव्हती तशी."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही स्मरणशक्तीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. लोक साधारण पाच वेळा वजा करून थांबतात म्हणे. ही दोनपर्यंत आली आणि तिनं विचारलं, "खाली उणेत जाऊ का?" डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. तीसपैकी तीस, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "बघ, उगाच घाबरत होतीस."

"कंपायलरही पासच म्हणतोय," ही म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

मला वाटलं होतं कागद बघून तिचा जीव भांड्यात पडेल. पण जी बाई पास झालेल्या कामात बेचाळीस लोक आंधळे झालेले बघत होती, तिला आणखी एक पासचा कागद दाखवून काय होणार होतं? चूक कुठे आहे ते सापडल्याशिवाय तिला स्वतःचं डोकं परत मिळणार नव्हतं.

त्यानंतर ऑफिसात आलेखचा सूर बदलला. आधी तो सहीसाठी मागे लागायचा, आता एकदम मऊ बोलायला लागला. "दगदग करून घेऊ नका, मॅडम." "पाणी पीत चला." हिच्याकडची कामं एकेक करून दुसऱ्यांकडे गेली. बैठकीत ती बोलायला लागली की सगळे मान हलवत ऐकायचे आणि मग पुढच्या विषयावर जायचे. एकदा तिनं विचारलं, "चूक कंपायलरची असू शकते का, एवढं कुणी माझ्याबरोबर बसून बघेल का?" सत्तरातलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं ती घरी येऊन म्हणाली. त्याच आठवड्यात आलेखनं तिला सांगितलं, की महिनाअखेरीपर्यंत सही झाली नाही, तर प्रकृतीच्या कारणास्तव तिला लांब रजेवर पाठवण्याचा कंपनीचा विचार आहे. हे सांगताना त्यानं हवेत कुठलीही रेघ काढली नाही. मला त्या माणसाचा इतका संताप आला होता, की त्या दिवशी मी एका बाईंचे सुळे उलटे बसवले.

मग हिनं शेवटचा उपाय काढला. प्रोग्राम कापायचा. त्यातला अर्धा भाग काढून टाकायचा आणि बघायचं, चूक उरते का. उरली, तर उरलेल्यातला अर्धा काढायचा. गेली, तर काढलेलं परत ठेवून दुसरा अर्धा काढायचा. बारा हजार ओळी होत्या. शनिवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसली. दुपारी आठशे ओळी उरल्या. रविवारी सकाळी साठ. मी चहा नेऊन ठेवत होतो आणि गार झालेला परत आणत होतो. रविवारी दुपारी सव्वातीन वाजता नऊ ओळी उरल्या, आणि चूक अजून तिथेच होती.

नऊ ओळींत लपायला जागा नसते. तिनं मला बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं. दुकानवाल्या गटानं भिंगांच्या जोडीला एक दुसरं नाव दिलं होतं, 'समोरची जोडी', आणि तिथेच लिहून ठेवलं होतं, की ही जोडी तीच, फक्त कप्पे उलटे. एकटी समोरची जोडी आली, की कंपायलर ती ओळ उघडून वाचायचा आणि चुकलं तर अडवायचा. म्हणून हिच्या दहाही प्रयोगांत तो शहाण्यासारखा वागला. पण अशा जोड्यांची अख्खी यादी आली, म्हणजे साच्याच्या आत साचा आला, की तो चालढकल करायचा. बाहेर इकडे यादी, तिकडे यादी, ठीक. आतल्या चिठ्ठीवर इकडे 'उजवं, डावं', तिकडे 'उजवं, डावं', ठीक. समोरची जोडी म्हणजे काय, हे उघडून बघायचंच नाही. चला, पास. आणि दुकानं तर दिवसभराच्या चष्म्यांची यादीच पाठवायची!

यादी उलटायची राहिली होती, ती हिच्याकडूनच. ते तिनं लगेच कबूल केलं. पण राहिलं तर कंपायलर ओरडेल, याच भरवशावर अख्खी कंपनी चालली होती. तो ओरडला नाही, म्हणून तिनं धरलं की दुकानवाले यादी सुलटी करूनच पाठवतात.

"म्हणजे, अहो," ती म्हणाली, "मला दिसत नव्हती, कारण ती माझ्या ओळीत नव्हतीच." आणि ती रडायला लागली. सासू गेली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडलो. माझ्या रडण्याचं कारण थोडं वेगळं होतं, ते पुढे येईल.

कंपायलर बनवणारी माणसं जगभर विखुरलेली असतात. चूक सापडली तर एका ठिकाणी त्यांना लिहून कळवता येतं. हिनं त्या नऊ ओळी पाठवल्या. पहिलं उत्तर यंत्राचं होतं: 'कळवल्याबद्दल आभार, चूक बहुधा आपल्याच प्रोग्राममध्ये आहे.' दुसरं कुणा उंटावरच्या शहाण्याचं: 'हे असंच चालायला हवं. नियम वाचा.' एवढं लिहून त्यानं प्रकरण बंदही करून टाकलं. हिनं नियम वाचलेले होते. कुठल्या नियमात याच्या बरोबर उलट लिहिलंय, ते तिनं उतरवून पाठवलं आणि प्रकरण परत उघडलं. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी तिसऱ्या माणसाचं उत्तर आलं. त्यानं आपल्या नावापुढे कासवाचं चित्र लावलेलं होतं. 'हा भाग मी सात वर्षांपूर्वी लिहिला. वेळ वाचावा म्हणून एक पडताळणी गाळली होती. तुमच्या नऊ ओळी बरोबर आहेत आणि माझ्या चारशे चुकीच्या. तुम्हाला त्रास झाला, मला माफ करा.'

हिनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. चुकीचा मालक स्वतःहून हजर झाला होता, फक्त कंपनीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

नऊ दिवसांत कासवानं दुरुस्त केलेला कंपायलर पाठवला. हिनं तो ऑफिसातल्या प्रोग्रामला लावला. तीनशे सतरा चुका निघाल्या! भिंगांची एक, आणि बाकीच्या तीनशे सोळा इतर लोकांनी तीन वर्षांत पास करून घेतलेल्या. ऑफिसात एकच धांदल उडाली. आलेखनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, की नवा कंपायलर बिघडलेला दिसतो, कारण कालपर्यंत सगळं व्यवस्थित पास होत होतं. संध्याकाळी लेखी सूचनाही निघाली: 'जुन्या आवृत्तीत चुका येत नसल्यामुळे सर्वांनी तीच वापरावी.' मी ती सूचना स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आहे, दोन्ही डोळ्यांनी.

हिनं त्या गोंधळात कुणाला न विचारता भिंगांची यादी सुलटी केली आणि सुताराला स्वतः फोन लावला. नवा चष्मा आल्यावर त्यानं कळवलं, की आता पायऱ्या जिथे असतात तिथेच दिसतात. मग महिनाअखेरीला ती कासवाचं पत्र छापून आलेखसमोर ठेवायला गेली.

"हे छानच झालं," आलेख म्हणाला. "पण फॉर्म तर पूर्ण करावा लागेल ना. यादीत कंपायलर नाही."

"मग यादीत घाला."

"यादीत फक्त कर्मचारी घेता येतात, मॅडम. तो प्रकारच वेगळा."

"सही मी करणार नाही," ही म्हणाली. "आणि रजेवरही जाणार नाही. चूक माझ्या डोक्यात नव्हती, हे या कागदावर लिहिलंय."

तेव्हा आलेख खुर्चीत पुढे सरकला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "मॅडम, आम्ही सगळं तुमच्या काळजीपोटीच करत होतो. मिस्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं. आईंचं आणि... तुमचंही सुरू झालंय म्हणून."

मिस्टर म्हणजे मी. फोन मीच केला होता. एका दुपारी कारखान्यातून, दार लोटून घेऊन. हिच्या आईचं असं होतं, हिलाही तसंच होतंय असं वाटतं, जरा सांभाळून घ्या, असं मी आलेखला सांगितलं. सहा मिनिटं बोललो. त्यानं माझे आभार मानले, आणि मीही त्याचे मानले. आपण बायकोसाठी काहीतरी केलं, असं मला वाटत होतं. तिनं लिहिलेली एक ओळही मी पाहिली नव्हती. यंत्र पास म्हणतंय, म्हणजे बाईचंच काहीतरी चुकतंय, हे मी त्या सत्तर माणसांइतक्याच सहज मान्य केलं होतं. त्यांच्या भिंतीवरच्या त्या 'पास'च्या चौकटीला इतके दिवस नावं ठेवत होतो, तेव्हा ती माझ्याही डोक्यात टांगलेली होती. लाज वाटते, पण सांगितलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी ती ऑफिसातून सरळ माझ्या कारखान्यात आली. एरवी ती तिथे येत नाही, प्लास्टरच्या धुळीनं तिला खोकला येतो. मी मेणात दात बसवत होतो. ती स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घेतली.

"फोन कधी केला होतात?" तिनं विचारलं.

मी मेणातला दात सरळ करत राहिलो.

"डॉक्टरीणबाईंच्या आधी का नंतर?"

खोटं बोलता आलं असतं. 'आधी' असं म्हटलं असतं, तर निदान घाबरून केला असं झालं असतं.

"नंतर," मी म्हटलं.

"तीसपैकी तीसच्या नंतर?"

"हो. चुकलं माझं."

तिनं टेबलावरची एक कवळी उचलली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि परत जागेवर ठेवली. रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर मला सोसलं असतं. ती नेहमीच्या बेतानं, हळू आवाजात बोलली.

"आलेखला मी कळत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. तुम्हाला कळते, असं मी अठ्ठावीस वर्षं धरून चालले होते."

मी हातातला दात खाली ठेवला. ती खोकत उठली आणि बाहेर जाऊन थांबली. मी दिवा घालवला, कुलूप लावलं आणि तिच्या मागून घरी गेलो.